दारापलीकडच्या कमलाबाई

डॉ. कमला सोहोनी हे नाव निघालं, की आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते. सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना बंगळुरूच्या संस्थेत प्रवेश नाकारला आणि कमलाबाईंनी त्यांच्याशी झगडून तो मिळवला. महिला दिनाच्या कार्यक्रमांत मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे, की पुढचं वाक्य आधीच कळतं. टाळ्या होतात, चहा येतो, आणि कमलाबाई बिचाऱ्या रामन यांच्या दारातच उभ्या राहतात! आत गेल्यावर त्यांनी काय केलं, हे कुणी विचारत नाही. मला मात्र त्याचंच कुतूहल. मी कलाशाखेची, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण वस्तीतल्या बायकांबरोबर आहाराचं काम करायला लागले तेव्हा लक्षात आलं, की या बाईंचं सगळं शास्त्र आपल्या डाळीच्या डब्यातलं आहे.

तरी दारापासून सुरुवात करायलाच हवी, कारण ती गोष्ट खोटी नाही.

कमला भागवत यांचा जन्म १९११ मधला, इंदूरचा. दुर्गाबाई भागवत त्यांची थोरली बहीण. आणीबाणीच्या दिवसांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलणाऱ्या त्याच दुर्गाबाई. म्हणजे न घाबरण्याचं वळण घरातच होतं म्हणायचं. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटचे (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) अगदी सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. त्यामुळे घरात रसायनांची भाषा रोजचीच. १९३३ मध्ये मुंबईत कमला बी.एस्सी. झाली, रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन, गुणवत्ता यादीत पहिली. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच आपण जायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. अर्ज केला. नकार आला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

रामन त्या वेळी संस्थेचे संचालक. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली, देशभर दबदबा. अशा माणसाने नाही म्हटलं, की वडीलधारे म्हणतात, जाऊ दे बाळ, दुसरीकडे बघू. कमला वडिलांना घेऊन थेट बंगळुरूला गेली. मला का नाही ते सांगा, नाहीतर इथेच सत्याग्रहाला बसते, असा तिचा पवित्रा. दिवस गांधीजींचे होते, सत्याग्रह म्हणजे काय हे रामन यांनाही माहीत होतं. शेवटी त्यांनी घेतलं, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करायचं. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

ही तिसरी अट वाचून अजूनही अंगावर काटा येतो. वातावरण मुलांचं बिघडणार, आणि हमी द्यायची मुलीने! आपल्या सोसायटीच्या मीटिंगपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत हे तर्कशास्त्र आपण सगळ्याजणींनी पाहिलेलं आहे. कमलाबाईंनी त्या अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या बोलून दाखवत. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं, प्रवेश पक्का झाला, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना घेतलं जाऊ लागलं. नंतर १९४० मध्ये अ‍ॅना मणी रामन यांच्याकडेच संशोधनाला आल्या, ज्या पुढे मोठ्या हवामानशास्त्रज्ञ झाल्या.

आता आत जाऊ या.

तिथे त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले. शिस्तीचे कडक, पण शिकवायला हात आखडता न घेणारे. कामाचा विषय होता खाद्यपदार्थांमधली प्रथिनं. दूध, डाळी, कडधान्यं. त्या काळी मोठ्या शास्त्राच्या दृष्टीने हा काही भारदस्त विषय नव्हता. पण विचार करा, आपल्या देशात बहुसंख्य माणसांना प्रथिन मिळतं ते वरणातून आणि उसळीतून. मग त्या वरणात नक्की काय आहे, ते अंगी किती लागतं, हे कुणीतरी मोजायला नको का? १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून १९३७ च्या डिसेंबरात इंग्लंडला, केंब्रिजला पोहोचल्या.

केंब्रिजची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे त्या काळची पंढरीच. प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळालेले. डेरेक रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञाने कमलाबाईंना आपल्याकडे कामाला जागा दिली. कुठली अट नाही, वातावरणाची काळजी नाही. पण केंब्रिज म्हणजे बायकांचा स्वर्ग होता असंही समजू नका हं. त्या विद्यापीठाने बायकांना पुरुषांच्या बरोबरीचं पूर्ण सदस्यत्व दिलं ते थेट १९४८ मध्ये. फरक एवढाच, की टेबलाशी बसल्यावर काम बघत, बाई बघत नसत.

पुढे त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या, आणि इथे आपला बटाटा येतो.

टोपलीतला बटाटा आपल्याला निर्जीव वाटतो. पण तो श्वास घेत असतो. म्हणून तर बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर घुसमटतो, ओलसर होतो आणि सडतो. आपण श्वास घेतो त्यातला प्राणवायू रक्तातून पेशीपेशीत जातो आणि तिथे अन्नाचं हळूहळू ज्वलन होतं. ज्वलन म्हणजे जाळ नाही बरं का. जाळ झाला असता तर आपण जेवल्या जेवल्या पेटलो असतो. निसर्गाने ही ऊर्जा एकदम बाहेर न काढता पायरीपायरीने काढायची सोय केली आहे. विहिरीतून पाण्याचा हंडा काढताना बायका पायऱ्यांवर उभ्या राहून तो एकीच्या हातून दुसरीच्या हातात देतात ना, तसं पेशीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात. शेवटच्या पायरीवर प्राणवायू उभा असतो. त्या रांगेतल्या एका बाईचं नाव सायटोक्रोम सी. हे लहानसं प्रथिन, त्याच्या पोटात लोहाचा एक अणू, आणि त्यामुळे रंग लालसर.

डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्येच १९२५ मध्ये सायटोक्रोमचं महत्त्व दाखवलं होतं. कमलाबाईंना सायटोक्रोम सी बटाट्यात सापडलं. याचा अर्थ केवढा मोठा आहे पाहा. चालणारा-बोलणारा माणूस, यीस्टचा कण आणि कोपऱ्यात पडलेला बटाटा, पेशीच्या आतला श्वास सगळ्यांचा जवळपास एकाच पद्धतीचा. रांगेतल्या बायकासुद्धा त्याच! आज हे शाळेच्या पुस्तकात आहे, तेव्हा ते एकेक करून सिद्ध करावं लागत होतं. हिल आणि भागवत या नावांनी हे काम १९३९ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आलं.

केंब्रिजला पोहोचल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध दिला. पानं किती, तर चाळीस. आमच्या ओळखीत एका मुलीचा प्रबंध दोन खंडांत बांधलेला मी पाहिला आहे, उचलायला दोन हात लागतात. त्यामुळे या चाळीस पानांचं मला फार अप्रूप वाटतं. सांगण्यासारखं काही असलं, की माणूस थोडक्यात सांगतो. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या आधी १९३१ मध्ये जानकी अम्मल यांना वनस्पतिशास्त्रात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, त्यामुळे या पहिलेपणावरून जाणकार वाद घालतात. घालू देत.

इंग्लंडात किंवा अमेरिकेत राहणं त्यांना कठीण नव्हतं. त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. तिथे जीवनसत्त्वांवर चांगलं काम झालं, पण पुढे जायची वाट दिसेना. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झालं. वय पस्तिशी ओलांडलेलं, त्या काळी हे किती धाडसाचं होतं ते आपल्या आज्यांना विचारा. सोहोनी विम्याच्या क्षेत्रातले गणिती, म्हणजे अ‍ॅक्च्युअरी. त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागात रुजू झाल्या. केंब्रिजचं शिक्षण, नेचरमध्ये छापलेलं नाव, आणि विषय पुन्हा निवडला तो डाळी-कडधान्यांचा.

आता वालाबद्दल सांगते, कारण कमलाबाईंचं मला सगळ्यात आवडणारं काम हे आहे.

आपण वाल कसे करतो? आदल्या दिवशी भिजत घालतो, फडक्यात बांधून मोड आणतो, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलत बसतो. बोटं दुखून येतात. तेव्हा कुठे डाळिंब्यांची उसळ, नाहीतर बिरडं होतं. सासूबाई सांगायच्या तसं करायचं, का ते विचारायचं नाही. पण का, याचं एक उत्तर कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत होतं.

आपण खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं रक्तात जात नाही. ते मण्यांच्या लांबलचक माळेसारखं असतं, तिचे तुकडे करून मणी सुटे करावे लागतात. हे तुकडे करणारी एन्झाइम्स आपल्या पोटात असतात. त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम ट्रिप्सिन. ते येतं स्वादुपिंडातून आणि काम करतं लहान आतड्यात. सुपारी कातरणाऱ्या अडकित्त्यासारखं समजा, माळ नेमक्या जागी धरून कातरतं. कच्च्या कडधान्यांमध्ये मात्र असे काही पदार्थ असतात, जे या अडकित्त्याच्या पात्यांमध्येच जाऊन घट्ट बसतात. मग अडकित्ता मिटतही नाही आणि उघडतही नाही. प्रथिन समोर असतं, पण कातरलं जात नाही, अंगी लागत नाही. या पदार्थांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. झाडाच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. बी म्हणजे त्याचं मूल. किडीने ते खाऊन पचवू नये म्हणून बंदोबस्त नको का?

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या खाद्यपदार्थांत हे रोधक कुठे कुठे आहेत ते शोधलं. अशा कामाची पद्धत समजायला सोपी आहे. दुधातल्या केसीन या प्रथिनावर ट्रिप्सिन सोडायचं आणि ठरावीक वेळात किती केसीन तुटलं ते मोजायचं. मग तोच प्रयोग कडधान्याचा अर्क घालून करायचा. तुटणं जितकं कमी, तितका रोधक जास्त. सोपी म्हटलं ती ऐकायला. हे दिवसच्या दिवस, वाणावाणाचं करत बसायचं म्हणजे वाल सोलण्यापेक्षा चिकाटीचं काम. त्याच्याही पुढे जाऊन त्यांनी वाल आणि डबल बी यांच्यातले रोधक वेगळे काढले, इतके शुद्ध की त्यांचे स्फटिक झाले. हे १९५५ मध्ये पुन्हा नेचरमध्ये छापून आलं. ज्या वालाच्या उसळीला पाहुण्यांपुढे ठेवायला आपण कमीपणा मानतो, तो वाल जगातल्या शास्त्रज्ञांपुढे मानाने जाऊन बसला.

आणि यावरचा उपाय? चूल. हे रोधक प्रथिनांचेच बनलेले असतात, पाण्यात नीट शिजवले की त्यांचा आकार मोडतो आणि बहुतेक जोर निघून जातो. भिजवण्याने, मोड आणण्याने थोडा कमी होतो, पण सगळा जात नाही. आमच्या वस्तीत मी हे नेहमी सांगते, कारण मोड आले म्हणजे सगळं कच्चंच खायचं अशी हल्ली एक टूम आहे. मुगाचं ठीक. वाल, राजमा, डबल बी यांच्या वाटेला कच्चं असताना जाऊ नये. राजमा तर अर्धाकच्चा खाल्ला तर त्यातल्या आणखी एका प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात. कुपोषित मुलाच्या आईला मुलाला उसळ दे असं सांगून भागत नाही, गॅस वाचवायला तिने ती अर्धवट शिजवली तर त्या मुलाच्या पोटात प्रथिन जातं आणि बरंचसं फुकट जातं. हे कारण सांगितलं की बायकांना लगेच पटतं.

नीरेवरचं कामही याच वाटेवरचं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. शिंदी-ताडाच्या झाडातून रात्रभर थेंब थेंब गळणारा गोड रस म्हणजे नीरा. सूर्य वर आला की आंबू लागते आणि तिची ताडी होते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. कमलाबाईंना तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात दिसलं. एवढ्यावर न थांबता आदिवासी भागातल्या कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर बायकांना नीरा देऊन पाहिलं, आणि त्यांच्या तब्येतीत चांगला फरक पडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. फुकट गळणारा रस, ज्याच्याकडे सगळं जग दारू म्हणून बघतं, त्यात गरोदर बाईचं लोह शोधायचं, याला नुसती हुशारी पुरत नाही. आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांचा सल्ला असे.

एवढं करूनही त्याच संस्थेचं संचालकपद त्यांना हक्काच्या वेळी मिळालं नाही. चार वर्षं डावललं गेलं, मग मिळालं. या वेळी कुणी अट घातली नाही, फाइल नुसती पडून राहिली. मला विचाराल तर रामन यांचा नकार यापेक्षा बरा. त्यांच्या तोंडावर जाऊन कारण विचारता आलं, फाइलीला काय विचारणार? ही चार वर्षं महिला दिनाच्या भाषणात येत नाहीत, कारण त्यात टाळ्या घेण्यासारखं काही नाही. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मात्र ही गोष्ट पहिल्या गोष्टीपेक्षा जास्त ओळखीची वाटते.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. मुंबईत १९६६ मध्ये नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. भेसळ, वजनमापातली फसवणूक, दर्जा नसलेला माल, असे तिचे विषय. वाण्याच्या दुकानात रोज उभ्या राहणाऱ्या बाईचे विषय म्हणा ना. कमलाबाई १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या कीमत या मासिकात सुरक्षित अन्नाबद्दल लिहीत होत्या. आमच्या गटात दुधाच्या नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकून पिष्टाची भेसळ बघतात. दूध निळं पडलं की बायका आधी हसतात, मग संतापतात. असलं शास्त्र घराघरात न्यायचं काम ज्यांनी आपल्याकडे आधी केलं, त्यांत केंब्रिजची ही पीएच.डी. होती.

मधल्या काळात त्या जवळजवळ विस्मरणात गेल्या. कुन्नूरच्या ज्या प्रयोगशाळेतून त्या बाहेर पडल्या होत्या, ती १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. त्या परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना कमलाबाईंचं काम कळलं तेव्हा त्या थक्क झाल्या आणि त्यांनी आपल्या कारकिर्दीत कमलाबाईंना दिल्लीला सन्मानाने बोलावलं.  भरलेलं सभागृह, थाटाचा सत्कार. त्याच समारंभात कमलाबाई कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.